परक्या पोटाचा पतंग

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी लहानपणी कशालाही आधी नाही म्हणायची. दूध नाही, झोप नाही, पाहुण्यांच्या मांडीवर नाही. सतत नन्नाचा पाढा. म्हणून घरात तिचं नाव नन्नी पडलं. आता कानांवरचे केस पांढरे झालेत, तरी नाव तेच.

मी सुतार. वस्तुसंग्रहालयाच्या तळघरातल्या कारखान्यात माझी सगळी नोकरी गेली. खुर्च्या दुरुस्त केल्या, दारं बसवली, पण मन लावून केलेलं काम म्हणाल तर कीटक विभागातली कपाटं. त्यांचे खण साध्या कपाटासारखे करून चालत नाहीत. झाकण असं बसायला हवं की मुंगीला फट सापडू नये, आणि तरी एका हाताने उघडावं. लाकूड नीट वाळलेलं नसेल तर दमट हवेत खण फुगतो. मग ओढताना हिसका बसतो आणि आतल्या पतंगांचे पाय गळून पडतात. कड रंधायची, बसवून बघायची, काढायची, पुन्हा रंधायची. याला दुसरा उपाय नाही. कुणी सांगितला तर तो कामचुकार आहे असं समजावं.

ताई कामावर असायची म्हणून नन्नी शाळा सुटल्यावर माझ्याकडे यायची. लाकडाच्या भुशात बसून अभ्यास करायची. मग एक दिवस ती जिना चढून वर गेली आणि कीटक विभागातच रमली. तिथे टाचणीबाबा होते. मेलेल्या कीटकाला वाफेवर मऊ करायचं, पंख ताणून पट्ट्यांखाली सुकवायचे आणि टाचणीवर बसवायचं, हे त्यांचं काम. टाचणी टोचताना ते श्वास रोखायचे आणि दुसऱ्यालाही रोखायला लावायचे. नन्नीने त्यांची हातोटी उचलली. पुढे कॉलेज केलं, कीटकांचाच अभ्यास केला, मोठी पदवी घेतली. आणि बाबा गेल्यावर त्यांच्याच खोलीत येऊन बसली. कंत्राटावर.

कंत्राट वर्षाचं. दरवर्षी नवा कागद, नवी सही. विभागात कायमची जागा एकच, ती रिकामी. ती भरायचं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी राहून जायचं. ताई म्हणायची, "ही जागा आहे की लग्नाची मुलगी? कुणालाच हो म्हणत नाही."

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी मात्र जागा खरोखर भरणार होती. मुलाखतीची तारीख लागली होती. नन्नीला ती जागा हवी होती. तोंडाने बोलायची नाही, पण मला कळायचं. कायमच्या माणसाला कपाटांच्या किल्ल्या मिळतात. कंत्राटाच्या माणसाला रोज सकाळी ऑफिसात जाऊन मागाव्या लागतात आणि संध्याकाळी परत द्याव्या लागतात. स्वतः लावलेल्या कपाटाची किल्ली रोज मागून घ्यायची, हे तिला फार लागायचं.

त्याच सुमारास संग्रहालयात नवं दालन तयार होत होतं. मी निवृत्त झालो होतो, तरी काचेच्या पेट्या बसवायला मला बोलावलं. आमचे संचालक, म्हणजे साहेब, माणूस वाईट नव्हता. छप्पर गळायचं तेव्हा बादली घेऊन उभं राहिलेलं मी त्यांना पाहिलंय. पण दालनासाठी त्यांना काहीतरी ठसठशीत हवं होतं. लोक यावेत, वरच्यांनी पाठ थोपटावी.

ते नन्नीने दिलं. मागच्या कपाटात, तळाच्या खणात, एक जुना हॉकमॉथ होता. ससाण्यासारख्या लांब निमुळत्या पंखांचा, बोटाएवढ्या जाड अंगाचा पतंग. रंग पार उडालेला. मूळचा हिरवा, आता भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. मिशा तुटलेल्या, पाय गळालेले. पितळी टाचणीला हिरवट गंज चढलेला. खाली एवढीशी चिठ्ठी, तिच्यावर एवढंच, "दिव्याजवळ", म्हणजे इथल्याच आवारातल्या दिव्याजवळ पकडलेला. तारखेचा अर्धा भाग कसरीने खाल्लेला. जातीचं नाव नाहीच.

असे पतंग दोन जातींचे असू शकतात, नन्नीने मला सांगितलं. दोघांची लॅटिन नावं लांबलचक, म्हणून विभागात त्यांना वेलवाला आणि डोंगरी म्हणायचे. वेलवाला कुठेही सापडतो. त्याच्या अळ्या बागेतले वेल फस्त करतात आणि माळी शिव्या घालतात. डोंगरी आमच्या भागात कधी कुणाला मिळालेलाच नाही. रंग आणि पाय गेले की दोघे सारखेच दिसतात. मग निवाडा पोटावरून. पोट अलगद मोडून काढायचं, क्षाराच्या गरम पाण्यात मऊ करायचं आणि शेपटाकडचे कठीण भाग भिंगाखाली बघायचे. प्रत्येक जातीत त्यांचा आकार वेगळा, कुलपाच्या किल्लीसारखा. त्यात चूक होत नाही, असं सगळ्या जगात मानतात.

नन्नीने पोट काढलं, मऊ केलं, बघितलं. डोंगरी.

साहेबांनी पेपरात बातमी दिली. नन्नीचा फोटो आला, चष्मा डोक्यावर सरकवलेला. ताईने पेपर शेजारणीकडे नेला आणि विसरल्यासारखं दाखवून तिथेच ठेवून आली. साहेब मला कारखान्यात येऊन म्हणाले, "मिस्त्री, मधली पेटी उत्तम करा. तुमच्या भाचीचं राज्य येतंय." मुलाखत हा आता नुसता उपचार राहिला, असं सगळे बोलायला लागले.

मी मधली पेटी सागाची केली. पितळी स्क्रू वापरले.

उद्घाटनाला थोडेच दिवस उरले असताना नन्नी दुपारी कारखान्यात आली. हातात पतंगाची डबी. चष्मा काढलेला. ती फार रागावली की आधी चष्मा काढते.

"मामा, सरस आणि लाख, यातलं काय कशाने सुटतं?"

"सरस कोमट पाण्याने. लाख स्पिरिटने. का?"

"लाखच आहे मग. स्पिरिटनेच सुटली."

"करून बघितलंस तर मला कशाला विचारतेस?"

"चूक माझी असावी, असं वाटत होतं."

डबी तिने माझ्यापुढे ठेवली. भिंग दिलं. पेटीत मांडण्याआधी तिने पतंगाची छाती बारीक ब्रशने साफ केली होती. जिथून पोट मोडलं होतं त्या कडेला एक पातळ, चकाकणारी, तपकिरी रिंग होती. जुनी लाख.

"पोट निघताना मोडल्यासारखं लागलंच नाही मला," ती म्हणाली. "सुकलेलं अंग कसं टच्‌कन मोडतं. हे नुसतं सुटून हातात आलं. तेव्हाच तुटलेली कड बघायला हवी होती. नाही बघितली. सरळ पाण्यात टाकलं."

"म्हणजे पोट चिकटवलेलं होतं."

"पोट दुसऱ्या पतंगाचं आहे, मामा. पोट डोंगरीचं. आणि पुढचं अंग..." तिने टाचणी फिरवली. छातीखाली एक पुढचा पाय घडी होऊन चिकटला होता. लाखेचा ओघळ त्याच्यावर आला होता म्हणून आधी दिसला नव्हता. पायावर काट्यांची रांग होती. "डोंगरीच्या पायाला काटे नसतात. हा वेलवाला आहे. कुठल्याही माळ्याला विचार, रोज मारतो तो असले."

"चिकटवलं कुणी?"

लाखेचा असा एकसारखा पातळ हात त्या इमारतीत एकाच माणसाचा होता. टाचणीबाबांचा. मीच त्यांना लाखेच्या चकत्या द्यायचो.

"लबाडी होती का?" मी विचारलं.

"छे! शाळेतली मुलं बघायला यायची. मुलांना पोट नसलेला पतंग कसा दाखवायचा? खणात कुठे सुटं पोट पडलेलं असेल, मापाचं मिळालं, लावून टाकलं. तेव्हा सगळेच लावायचे. पण चिठ्ठीवर लिहायचं ना बाबा! एक ओळ लिहायची!"

एवढं बोलून ती भुशातल्या जुन्या स्टुलावर बसली. जोड मी बघितला. जोड म्हणून उत्तम होता. तेच वाईट झालं. बाबांनी आळस करून ओबडधोबड चिकटवलं असतं तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

संध्याकाळी ती ताईकडे आली तेव्हा मी तिथेच होतो. ताई भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलाखत कधी आहे?"

"उद्घाटनानंतरच्या आठवड्यात."

"मग त्याच्या नंतरच्या आठवड्यात सांग. इतकी वर्षं तो पतंग गप्प बसलाय. अजून थोडा बसेल."

"नाही."

"अगं, कुणाचं नुकसान आहे का? कुणी मरतंय का? पतंग आधीच मेलाय!"

"आई, लोक माझं नाव वाचून मान्य करतात. उद्या कुणी पुस्तकात लिहील, डोंगरी इथे सापडतो. कोणी सांगितलं? मी."

"अन् बाबांचं काय? मेलेल्या माणसाला उघडं पाडणार? ज्याने हाताला धरून शिकवलं त्याला?"

"शिकवलं म्हणूनच."

ताईने भाजीची देठं माझ्याकडे फेकल्यासारखी ढकलली. "तू मामा ना हिचा? बोल की काहीतरी. तुझ्याच भुशात वाढलीय. डोक्यात भुसाच भरलाय."

मी म्हणालो, "काम तिचं आहे. तिला दिसलंय. मी काय बोलू?"

"दोघं एकाच लाकडाची," ताई म्हणाली आणि त्या दिवशी आम्हाला चहा मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी नन्नीने साहेबांना सांगितलं. मी दालनात पेटी घासत होतो. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं.

साहेब म्हणाले, "पोट तर खरं आहे ना डोंगरीचं?"

"आहे."

"मग झालं की. डोंगरी आपल्याकडे आहे. अर्धा का होईना."

"कुठून आला ते माहीत नाही. 'दिव्याजवळ' ही चिठ्ठी पुढच्या अंगाची आहे. पोटाला चिठ्ठीच नाही. ते कोणी बाहेरून पाठवलेल्या पतंगाचंही असू शकतं. इथला म्हणता येणार नाही."

"बाई, पाहुणे ठरलेत. बातमी गेलीय. तुम्ही स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारताय, आणि ती माझ्या पायावरूनही जातेय."

"मग पाय बाजूला घ्या, साहेब."

मी घासणं थांबवलं. साहेब हसले की खोकले ते कळलं नाही. मग ते म्हणाले, "मुलाखत होऊ दे. नंतर शांतपणे दुरुस्ती करू. शब्द देतो."

"नंतर केली तर जागा या पतंगावर मिळाल्यासारखी होईल. तशी नको."

"मी नाही म्हणालो तर?"

"तर तुमचं 'नाही' तुमच्याजवळ."

तिने कुणाची परवानगी मागितली नाही. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी माझ्यासमोर पेटी मांडली. एका टाचणीवर पंखांचं पुढचं अंग, लाखेची रिंग वर करून, दिसेल अशी. त्याच्या शेजारी दुसरी टाचणी, तिच्याखाली काचेची छोटी नळी, नळीत पोटाचे तुकडे. दोन चिठ्ठ्या. पहिली: वेलवाला, दिव्याजवळ, तारीख अपुरी. दुसरी: डोंगरी, फक्त पोट, पूर्वी शेजारच्या पतंगाला चिकटवलेलं, ठिकाण अज्ञात. आणि खाली मोठ्या अक्षरात: हा एकच पतंग आहे असं मी जाहीर केलं होतं, ते चुकीचं होतं. खाली सही. बाबांचं नाव तिने लिहिलं नाही. "हात कुणाचा ते मला माहीत आहे, पण पुरावा नाही," ती म्हणाली. माहीत असलेलं आणि सिद्ध झालेलं ती वेगवेगळ्या खणात ठेवते.

"मामा, काच बसव. घट्ट."

मी बसवली. चारी कोपऱ्यांना पितळी स्क्रू. आधी भोकात मेण घातलं, मग स्क्रू. पूर्ण बसल्यावर पाव फेरा आणखी.

उद्घाटनाच्या सकाळी साहेब नवा कोट घालून आले. मधल्या पेटीसमोर उभे राहून चिठ्ठ्या वाचल्या. पुन्हा वाचल्या. नन्नी पेटीला टेकून उभी होती.

"हे काढा," साहेब म्हणाले.

"नाही."

"निदान झाकून टाका. वर एक कापड टाका. दुरुस्ती चालू आहे असं सांगू."

"दुरुस्ती झालीय. झाकायचं असेल तर मला झाका."

साहेब माझ्याकडे वळले. "मिस्त्री, पेटी उघडा."

बाहेर गाड्यांची दारं आपटल्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "साहेब, ज्यांनी बसवायला सांगितली त्यांनी काढायला सांगितली तर काढीन."

"तुम्हाला मी बोलावलंय कामाला."

"पेटी करायला बोलावलं होतं. झाली."

साहेबांनी माझ्या हत्यारांतून स्क्रू-ड्रायव्हर उचलला. कोटाच्या बाह्या सावरून पहिल्या स्क्रूला लावला. जोर मनगटाने दिला. पितळ मऊ असतं. खाच लगेच सोलली. त्यांनी दुसऱ्याला लावला. पाहुण्यांचे पाय जिन्यावर वाजत होते. साहेबांनी हत्यार खाली ठेवलं, नीट, दांडा माझ्याकडे करून. घाम पुसला.

"बाई," ते म्हणाले, "मी काही सांगणार नाही. तुम्हीच सांगा त्यांना."

"तेच म्हणतेय मी कधीपासून."

तिने सांगितलं. मुख्य पाहुण्या होत्या एक उंच वयस्कर बाई, कुठल्याशा मोठ्या कार्यालयातल्या. त्यांनी नन्नीचं सगळं बोलणं न टोकता ऐकलं. नंतर पेटीवर वाकून विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे असे आणखीही असतील? चिकटवलेले?"

"असतील. मी अजून बघितले नाहीत."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, संग्रहालयाचा दुर्मीळ पतंग निघाला दोन पतंगांचा. मथळा चेष्टेचा होता. शेजारीण तो पेपर घेऊन ताईकडे आली आणि तीही तिथेच विसरून गेली. ताईने तिच्यामागे जिन्यापर्यंत जाऊन पेपर परत दिला. म्हणाली, "आमच्या घरी येतो हा. तुमचा तुम्ही ठेवा, मुलांना वाचून दाखवा. स्वतःची चूक स्वतः छापून आणणारी दुसरी कुणी माहीत असेल तर मला कळवा."

घरात मात्र ती नन्नीशी दोन दिवस बोलली नाही.

मुलाखत झाली. समोर पाच-सहा माणसं. त्यांतल्या एकाने विचारलं, जागा मिळाली तर पहिलं काम काय कराल? नन्नी म्हणाली, "बाबांच्या काळातले सगळे हॉकमॉथ काढून त्यांच्या जोडाच्या कडा तपासीन. विभागाची बरीच नावं चुकीची ठरतील." त्यांतली निम्मी नावं तिथे बसलेल्या माणसांनीच कधीकाळी दिलेली होती. ते मला तिनेच सांगितलं, आणि सांगताना तिला ते बोलल्याचा पश्चात्ताप झालाय असं मला अजिबात दिसलं नाही.

जागा दुसऱ्याला मिळाली. दुसऱ्या गावच्या एका शिकलेल्या, सभ्य गृहस्थाला. माशांचा अभ्यासक होता. कीटकांतल्या माशांचा नाही, पाण्यातल्या. कपाटांच्या किल्ल्या त्याच्या खिशात गेल्या.

मला वाटलं, आता ही सोडेल. ताईला वाटलं, आता ही रडेल. ती त्या दिवशी माझ्याकडे आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मामा, पोटांचे सुटे तुकडे ठेवायला उथळ ट्रे लागतील. प्रत्येकात वेगळा कप्पा. करशील?"

"जागा गेली तुझी."

"जागा गेली. पतंग कुठे गेलेत?"

वर्ष संपलं. कंत्राटाचा नवा कागद साहेबांनी तिच्यापुढे ठेवला तेव्हा मी ट्रे पोचवायला त्याच खोलीत होतो. तिने कागद पूर्ण वाचला. मग पेनने समासात स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली: विभागातल्या कुठल्याही कीटकाला नाव देताना अथवा बदलताना तपासणाऱ्याची सही लागेल आणि ती तपासणीशिवाय मागता येणार नाही. कपाटांच्या किल्ल्यांची दुसरी जोडी तपासणाऱ्याकडे राहील.

साहेब म्हणाले, "कंत्राटात असं आपल्या मनाने लिहिता येत नाही, बाई."

"मग दुसरं माणूस बघा."

"कुठून बघू? कीटकाची कड बघणारं माणूस मिळतं का?"

"ते तुम्ही बघा. मी बसते बाहेर."

ती खरंच उठून बाहेर बाकावर जाऊन बसली. साहेबांनी कागद इकडे फिरवला, तिकडे फिरवला. माझ्याकडे बघितलं. मी ट्रेच्या कडेवरून अंगठा फिरवत उभा राहिलो. शेवटी त्यांनी समासातल्या त्या ओळीखाली सही केली, आणि खणातून किल्ल्यांची दुसरी जोडी काढून माझ्याच हातात दिली. "द्या तिला," ते म्हणाले. "माझ्या हातातून घेताना ती आणखी एक अट घालेल."

मी किल्ल्या बाकावर तिच्या शेजारी ठेवल्या. तिने त्या मोजल्या नाहीत की ओढणीत बांधल्या नाहीत. सरळ उठली, वर गेली आणि पहिलं कपाट उघडलं. मी ट्रे घेऊन मागोमाग गेलो. पहिल्या खणात बाबांच्या हातचे हॉकमॉथ ओळीने बसले होते, सगळे पोटासकट, दिसायला धडधाकट. तिने पहिला टाचणीसकट उचलला, उलटा केला, चष्मा चढवला आणि कड बघायला लागली.